बोअर मोठा झाला, आणि कुणीच बोललं नाही

ताई, नमस्कार.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये प्रॉडक्शन मॅनेजर आहे. वय ४१. डिप्लोमा करून याच कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो. ऑपरेटर, सेटर (मशीनवर टूल बसवून माप लावणारा), सुपरवायझर असं करत करत दीड वर्षापूर्वी इथवर आलो. तीन शिफ्ट मिळून हाताखाली ४६ माणसं आहेत.

गेल्या महिन्यात कस्टमरकडून १,१४० नगांचा लॉट परत आला. ३२ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे नगात कोरलेलं गोल भोक, वर २५ मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) सूट. काही नगांत तो ४० मायक्रॉनपर्यंत मोठा. सगळा लॉट एकेक करून तपासला, ६८ नग बाद निघाले. धंद्यात हे होतं. मला लागलं ते वेगळंच. रातपाळीच्या सेटरला हे त्याच रात्री कळलं होतं. त्यानं ऑफसेट (मशीनला दिलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) नीट करून मशीन पुढे चालवलं, पण आधीचे नग ट्रॉलीतून बाजूला काढले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाच-सहा जणांना माहीत झालं होतं. लॉट गेला तीन दिवसांनी. मला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही.

मी सगळ्यांना बोलावून सांगितलं, मीही तुमच्यातलाच आहे, माझी केबिन कायम उघडी आहे, मोकळेपणानं बोला. सगळे खाली बघत उभे. नंतर कँटीनमध्ये एक ट्रेनी मुलगा म्हणाला, "सर, सांगायला कोण येणार? तुमचा आवाज आधी येतो, मग तुम्ही येता." ते डोक्यातून जात नाही. कंपनीनं लोणावळ्याला दोन दिवसांच्या लीडरशिप ट्रेनिंगला पाठवलं. परत येऊन सूचनापेटी लावली. महिन्याभरात तीन चिठ्ठ्या आल्या. एक कोरी, एकीत शिवी, एकीत 'रातपाळीचा चहा गार असतो'.

वरून प्रेशर फार आहे. टूल कॉस्ट कमी करायची म्हणून इन्सर्टची, म्हणजे टूलवर बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची, एक कड २५० ऐवजी ४०० नग चालवा असं मीच तोंडी सांगितलं होतं. कस्टमरच्या रिपोर्टमध्ये 'इन्सर्ट सदोष' असं कारण देऊन विषय मिटवला. माझा स्वभाव तापट आहे हे मान्य, वडीलही तसेच होते. स्वभावाला औषध नाही म्हणतात. त्या सेटरला मेमो द्यावा का? आणि माणसं खरं बोलती व्हावीत म्हणून मी काय करू?

एक वाचक, भोसरी

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी त्या ट्रेनी पोराच्या वाक्यापाशी थांबले, कारण वाक्य फक्कड आहे आणि साहेबाच्या तोंडावर ते म्हणायला छाती लागते. दुसऱ्या वेळी मात्र शेवटच्या परिच्छेदातल्या दोन ओळींपाशी अडले. चारशे नगांचा तोंडी हुकूम आणि 'इन्सर्ट सदोष'. घरखर्चाच्या वहीत काही रक्कम 'इतर' म्हणून टाकतो ना, तशा त्या तुम्ही जाता जाता टाकल्यात. मला तर अख्खं पत्र त्या दोन ओळींतच आहे असं वाटलं.

बोअर मोठा कसा झाला असेल ते मी माझ्यापुरतं मांडते. तुम्ही सेटर होतात, चुकलं तर सुधारा. बोअरिंगची इन्सर्ट झिजत जाते तसा बोअर बारीक यायला लागतो. २५० नगांपर्यंत ते सांभाळून घेता येत असणार, म्हणून तर तो आकडा ठरला होता. तुम्ही सांगितलं ४००. मग पुढचे दीडशे नग ऑपरेटर काय करणार? बोअर गेज लावणार, टाइट दिसला की ऑफसेटला पाच मायक्रॉन देणार, परत लावणार, परत देणार. सेकंड शिफ्टमध्ये असं करत करत वीस-पंचवीस मायक्रॉन दिले गेले असतील. ते रजिस्टरमध्ये लिहायचं असतं, पण बारा वाजता सुटणाऱ्या माणसाचं लक्ष गेटवरच्या बसकडे असतं. रातपाळीचा सेटर आला, चारशे भरले म्हणून त्यानं कड बदलली, ऑफसेट जुनाच राहिला, आणि नव्या धारेनं बोअर एकदम मोठा मारला. त्यानं गेज लावेपर्यंत साठ-सत्तर नग ट्रॉलीत जाऊन बसले होते. कड बदलल्यावर पहिला नग मोजायचा असतो, तो त्यानं मोजला नाही. ही त्याची चूक, तिच्याकडे मी येतेच.

आता रात्री दोन वाजता त्याच्या जागी उभे राहून बघा. त्याला तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, 'साहेब, मी पहिला नग मोजला नाही.' हे सांगायला जड आहे, पण शिव्या खायची तयारी असली की सांगता येतं. दुसरी, 'साहेब, तुम्ही चारशे म्हणालात तिथून हे सुरू झालं.' हे कोण सांगणार? तुमचा आवाज मऊ असता तरी हे जड गेलं असतं. म्हणून त्यानं तेच केलं जे शहाणा माणूस करतो. आपल्या हातातलं दुरुस्त केलं आणि बाकीचं नशिबावर सोडलं.

आणि मग तुम्ही रिपोर्ट लिहिलात. तुम्हाला वाटत असेल की तो कस्टमर आणि तुम्ही यांच्यातला कागद आहे. अहो, मशीन शॉपमध्ये असं काही नसतं. क्वालिटीच्या पोरानं तो टाइप केला, त्यानं चहा पिताना स्टोअरवाल्याला सांगितलं, स्टोअरवाल्यानं इन्सर्टच्या सप्लायरकडच्या माणसाला सांगितलं, कारण बदनामी त्याच्या मालाची झालीय आणि तो बिचारा कॅटलॉगची बॅग पाठीला लावून मोटारसायकलवरून तुमच्याकडेच येणार आहे. संध्याकाळपर्यंत ४६ जणांना कळलं की अडचणीच्या वेळी साहेब काय करतात. सेटरनं तीन दिवस गप्प बसून जे केलं तेच तुम्ही लेटरहेडवर केलंत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

हे बोलणं कडक झालं असेल. पण तुम्ही ते कबूल करून लिहिलंत, मी ते तुमच्याकडून काढून घेतलेलं नाही. एवढ्याचसाठी मला तुमच्याबद्दल भरवसा वाटतो.

स्वभावाचं आधी निकालात काढू. स्वभावाला औषध नाही ही म्हण मी आयुष्यभर ऐकली, आणि ती म्हणणारा बहुतेक वेळा ज्याच्यावर कुणी ओरडू शकत नाही असा माणूस असतो. मला एक सांगा, परवा कस्टमरचा ऑडिटर आला होता, त्यानं तुमच्या लाइनवर उभं राहून दहा खुसपटं काढली असतील. त्याच्यावर आवाज चढवलात? प्लँट हेडनं मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तुमचा आकडा विचारला तेव्हा? नाही ना. मग हा स्वभाव गेटपासून प्लँट हेडच्या केबिनपर्यंत जाताना कुठे थांबतो? तुम्हाला राग आवरता येतो. खालच्या माणसापुढे तो आवरायची गरज पडत नाही, एवढंच. वडिलांना यातून मोकळं करा.

मी स्वतः यातून गेले आहे, म्हणून हे अधिकारानं म्हणते. १९९० च्या आसपास मी पिंपरी भागातल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. कारखान्याचं नाव नको. शॉपवर बाई म्हणून मी एकटी, त्यामुळे आवाज मोठा ठेवणं हा माझा बचाव होता. निदान मी स्वतःला तसं समजावत असे. एकदा एका ऑपरेटरनं तडा गेलेलं कास्टिंग (फाउंड्रीतून आलेला ओतीव तुकडा) आणून माझ्या टेबलावर ठेवलं. मी विचारलं, "कुणी केलं हे?" मग दहा मिनिटं मी त्याच्यावर, फाउंड्रीवर, नशिबावर बोलत राहिले. पुढचे चार-पाच महिने माझ्या टेबलावर काही आलं नाही. मला वाटलं, क्वालिटी सुधारली! एक दिवस जेवणाच्या सुट्टीत आमच्या फिटिंगमधले एक मामा आले. रिटायरमेंटला वर्ष राहिलेलं, कुणाची भीती नाही. म्हणाले, "बाई, तुकडा टेबलावर ठेवला की तुम्ही माणसाकडे बघता. तुकडा बघतच नाही." मग मला हाताला धरून भंगाराच्या ढिगाकडे नेलं. वरच्या चार तुकड्यांखाली तडा गेलेली अकरा कास्टिंग निघाली. सगळ्यांचा तडा एकाच जागी, रायझरच्या (ओतताना साच्यात जादा धातू ठेवायच्या भागाच्या) मुळाशी. फाउंड्रीतला सरळ सरळ दोष. पहिलं कास्टिंग आलं त्याच दिवशी मी ते वळवून बघितलं असतं तर तिथंच कळलं असतं.

मामांनी मला उपदेश केला नाही, एक युक्ती दिली. कुणी वाईट बातमी आणली की आधी नग हातात घ्यायचा आणि म्हणायचं, "थांबा, गेज आणते." बास. उठायचं, गेज आणायचा, पुसायचा, मास्टरवर (नेमक्या मापाच्या नमुन्यावर) शून्य करायचा, नग मोजायचा, समोरच्यालाही मोजायला लावायचा. यात दोन-तीन मिनिटं जातात. तेवढ्यात राग अर्धा उतरतो आणि तुम्ही दोघं एकमेकांकडे न बघता एका डायलकडे बघत असता. मी आधी हे नाटक म्हणून केलं. वर्षभरानं ते नाटक राहिलं नाही. लोणावळ्यात तुम्हाला बऱ्याच स्लाइड दाखवल्या असतील, त्यांना माझी हरकत नाही, पण राग येतो तेव्हा स्लाइड आठवत नाही. हाताला काम असलं तर बरं पडतं.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. आपल्या भाषेनं आपल्याला एक सोय करून ठेवली आहे. शॉपवर कुणीही 'मी बोअर मोठा केला' म्हणत नाही, 'बोअर मोठा झाला' म्हणतो. 'तुकडा पडला', 'टूल तुटलं', 'राहून गेलं'. नवीन मॅनेजरला याचा फार संताप येतो. आपोआप कसं झालं, भूत आलं होतं का? मी म्हणते, पहिली पाच मिनिटं त्याला 'झालं'च म्हणू द्या. 'काय झालं?', 'कधी लक्षात आलं?', 'त्याच्या आधीचे नग कुठायत?' या तीन प्रश्नांत तुमचे ६८ नग कस्टमरच्या दारात जायच्या आधी सापडले असते. 'केलं' कडे माणूस नंतर स्वतःहून येतो, आधीचं 'झालं' त्याच्या अंगावर आलं नाही तर. मात्र तुम्ही तुमच्याबद्दल बोलताना पहिल्या वाक्यापासून 'केलं' म्हणायचं. 'चारशेचा आकडा मी सांगितला.' तो 'दिला गेला' नव्हता.

इथे एक गोष्ट सांगते, तुमच्याच धंद्यातली. २००६ च्या सप्टेंबरात अ‍ॅलन मुलाली बोइंग सोडून फोर्ड मोटर कंपनीचे प्रमुख झाले. त्या वर्षी फोर्डला १२ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. मुलालींनी दर गुरुवारी सगळ्या मोठ्या अधिकाऱ्यांची बैठक सुरू केली. प्रत्येकानं आपल्या कामाचे तक्ते रंग देऊन आणायचे. नीट चाललंय ते हिरवं, सावध राहायचं ते पिवळं, अडलंय ते लाल. सुरुवातीला सगळ्यांचं सगळं हिरवंगार. कंपनी अब्जावधी डॉलर घालवतेय आणि भिंतीवर श्रावण! मुलालींनी विचारलं, काहीच बिघडलेलं नाही? कुणी बोलेना. मग मार्क फील्ड्स यांनी एक लाल तक्ता आणला. कॅनडातल्या ओकव्हिल कारखान्यात 'एज' या नव्या गाडीचं लाँच त्यांनी थांबवलं होतं. खोली गप्प झाली. आता हा माणूस गेला, असं बाकीच्यांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, यांना मदत कोण करू शकेल? पुढच्या काही आठवड्यांत इतरांच्या तक्त्यांतही लाल-पिवळं दिसायला लागलं.

ही गोष्ट सांगणारे टाळ्यांवर जोर देतात. भोसरीत तुम्ही टाळ्या वाजवल्यात तर लोक म्हणतील, साहेब ट्रेनिंगहून आले वाटतं. मला त्यातलं 'मदत कोण करू शकेल' महत्त्वाचं वाटतं. आणि त्याहून महत्त्वाचं, पुढच्या गुरुवारी फील्ड्स आपल्या खुर्चीत होते. बाकीचे तेच तर बघत होते. पुढे २०१४ मध्ये ते फोर्डचे प्रमुखही झाले.

तुमच्या शॉपमध्ये लाल तक्ता आणणारा माणूस आलेला आहे. कँटीनमध्ये तुमच्यासमोर उभा राहून तो बोलला. त्याचं ट्रेनीचं वर्ष कधी संपतंय हे तुमच्यापेक्षा बाकीच्या ४५ जणांना जास्त पाठ आहे, हे मी खात्रीनं सांगते. त्याला मुदतवाढ मिळते का, त्याला मुद्दाम रातपाळी लागते का, त्याच्या 'काय रे' मधला सूर बदलतो का, सगळं बघितलं जाणार. त्याचं सगळ्यांसमोर कौतुक करू नका, पोराची पंचाईत होईल, 'साहेबांचा माणूस' म्हणून चिडवतील. एकटा भेटला की एवढंच म्हणा, "त्या दिवशी बोललास ते बरं केलंस, पटलं मला." आणि त्याच्या कामाचं मूल्यमापन कामावरच होईल याची काळजी घ्या. कागदावर सही तुमची असते.

सेटरच्या मेमोचं. आज देऊ नका. तो चुकला नाही असं नाही. पहिला नग न मोजणं ही हयगय आहे आणि संशयित नग ट्रॉलीत राहू देणं ही त्याहून मोठी. पण आज मेमो दिलात तर त्याच घटनेतल्या दोन चुकांपैकी एकीला मेमो आणि दुसरीला प्रमोशन असा हिशेब लोक मांडतील. त्याला मशीनपाशी भेटा, केबिनमध्ये नको. आधी तुमचं सांगा, चारशेचं आणि रिपोर्टचं. मग स्पष्ट सांगा, नग बिघडले तर मी ओरडणार नाही याची मी खटपट करतोय, पण शंका आलेले नग लाल पेटीत गेलेच पाहिजेत, यात सूट नाही. पुढच्या वेळी नग लपवलेस तर मेमो मिळेल. हे दोन्ही एका दमात सांगता येतं. नरमपणानं वागणं आणि खरं बोलणं यात आपल्याकडे गल्लत होते. चांगला साहेब म्हणजे कुणाला काही न बोलणारा, असं धरून काही जण मऊ होतात, आणि सहा महिन्यांत शॉप विस्कटतं. तुम्ही त्या टोकाला जाल असं मला वाटत नाही, तरी सांगून ठेवलं.

तो तुमच्यापेक्षा वयानं मोठा असेल आणि तुम्ही त्याला अरे-तुरे करत असाल तर तेवढं बदला. कालपर्यंत बरोबरीनं डबा खाणारा माणूस खुर्ची मिळाल्यावर 'तू' म्हणतो तेव्हा तो 'तू' वेगळा ऐकू येतो.

आता अवघड भाग. प्लँट हेडकडे जायचं. तुम्ही खालच्यांनी खरं बोलावं म्हणून पेटी लावलीत, पण वरती तुमची स्वतःची चिठ्ठी कोरीच आहे. हे सोपं आहे असं मी म्हणणार नाही. वय ४१, घराचा हप्ता असेल, मुलांच्या फिया असतील, आणि तुमचे प्लँट हेड कसे आहेत मला ठाऊक नाही. म्हणून कबुलीजबाब घेऊन जाऊ नका, हिशेब घेऊन जा. १,१४० नगांना २५० च्या हिशेबानं पाच कडा लागल्या असत्या, ४०० च्या हिशेबानं तीन. या लॉटपुरत्या वाचल्या दोन कडा. त्यासमोर लॉटची ये-जा, सगळे नग पुन्हा मोजायला लागलेली माणसं आणि तास, ६८ नगांचं भंगार, आणि कस्टमरकडे लागलेला डाग मांडा. एका पानावर मावेल. मग म्हणा, "चारशेचा निर्णय माझा होता, चुकला. तो मी मागे घेतोय, लेखी. आणि रिपोर्टमधलं कारण बरोबर नाही, सुधारित रिपोर्ट पाठवायची परवानगी द्या." कस्टमर चिडेल. पण इन्सर्ट सदोष म्हणून तुम्ही सप्लायर बदलाल, चारशे तसेच राहतील, आणि तीन महिन्यांनी तोच बोअर परत मोठा येईल तेव्हा तो किती चिडेल याचा विचार प्लँट हेडनाही करायला लावा. सप्लायरच्या माणसाला मात्र परवानगीची वाट न बघता फोन करा.

त्याच भेटीत आणखी एक सांगून ठेवा, ही गोष्ट लोक विसरतात. तुमच्याकडे खरं बोलणं सुरू झालं की रिजेक्शनचे आकडे आधी वाढतील. १९९० च्या दशकात एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासत होत्या. चांगल्या टीमकडून कमी चुका होत असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका. नीट बघितल्यावर लक्षात आलं की तिथल्या नर्स चुका सांगत होत्या, दुसरीकडे त्या दडवल्या जात होत्या. तुमच्या लाल पेटीचंही तसंच होणार. दोन-तीन महिने ती भरून वाहील. त्या वेळी वरून फोन येईल, "अहो, तुम्ही ट्रेनिंगहून आल्यापासून रिजेक्शन वाढलंय!" आणि तुम्ही घाबरून पुन्हा आवाज चढवलात तर सगळं मुसळ केरात. म्हणून प्लँट हेडना आधीच सांगा की हे होणार आहे, आणि त्याच काळात कस्टमरकडून परत येणारे नग किती, तो आकडा शेजारी ठेवा. खरं काय चाललंय ते त्या दुसऱ्या आकड्यावरून कळेल.

'माझी केबिन कायम उघडी आहे' हे वाक्य पुन्हा म्हणू नका. तेलकट बुटांनी एसी केबिनपर्यंत ऑफिसच्या सगळ्या टेबलांसमोरून चालत जायचं कुणी? जो जाईल तो चुगलखोर ठरतो. तुम्हीच जा. आठवड्यातून दोनदा, रात्री बारा वाजता, सेकंड शिफ्ट सुटून थर्ड लागते तेव्हा. तुमचे मायक्रॉन तिथेच हरवले होते. दोन्ही सेटर मशीनपाशी उभे करून एकमेकांना ऑफसेट तोंडानं सांगायला लावा आणि तुम्ही नुसतं ऐका. पहिले काही आठवडे ते तुमच्यासाठी बोलतील. नंतर एकमेकांसाठी बोलायला लागतील. त्या दहा मिनिटांसाठी बस उशिरा सोडायला सांगता आली तर बघा, तेवढं तुमच्या हातात असावं.

सूचनापेटीचं काय करायचं ते तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते. काढून टाका. कोऱ्या चिठ्ठीचं आणि शिवीचं मनाला लावून घेऊ नका, शिवी देणाऱ्यानं निदान तुमच्यासाठी कागद शोधला. तिसऱ्या चिठ्ठीवर मात्र अजून काही झालेलं दिसत नाही. तुम्ही ती मला विनोद म्हणून लिहून पाठवलीत. महिन्याभरात तुम्हाला मिळालेली ती एकच खरी बातमी आहे. आमच्याकडे पहाटे तीनचा चहा कँटीन बंद करतानाच थर्मासमध्ये भरून ठेवत, तुमच्याकडेही तसंच असावं. या आठवड्यात एका रात्री थांबा, मशीनपाशी उभं राहून तो चहा प्या, आणि सकाळी कँटीनवाल्याशी बोला. शक्यतो न ओरडता.